पगार मालकाचा, आवाज कोणाचा?

अमेरिकेतल्या बेसबॉल क्लबांच्या मालकमंडळींचं आपल्या समालोचकांवर फार प्रेम असतं. अट एवढीच, की समालोचक म्हातारा झालेला हवा. मग त्याचा ब्राँझचा पुतळा उभा राहतो, स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याचं नाव दिलं जातं, मानपत्र वाचताना क्लबच्या अध्यक्षांचा कंठ दाटून येतो. त्याआधीची तीस-चाळीस वर्षं हाच माणूस दर वेळी करार संपत आला की नोकरी राहते की जाते या काळजीत असायचा, हे त्या समारंभात कोणी काढत नाही.

१९७८ साली कूपरस्टाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेमने समालोचकांसाठी फोर्ड फ्रिक पुरस्कार सुरू केला. पहिल्या वर्षी तो मेल ॲलन आणि रेड बार्बर या दोघांना मिळाला. दोघांनाही न्यूयॉर्क यांकीजने घरी बसवलेलं होतं. ॲलनना १९६४ मध्ये. का, ते त्यांना धडपणे कोणी सांगितलंही नाही. बार्बरना का काढलं ते मात्र सगळ्या न्यूयॉर्कला कळलं.

२२ सप्टेंबर १९६६. यांकीज त्या मोसमात अगदी तळाला, दहाव्या क्रमांकावर. ६५ हजार माणूस सहज मावेल अशा यांकी स्टेडियममध्ये त्या दिवशी प्रेक्षक होते ४१३. बार्बर टीव्हीवर बोलत होते. त्यांनी कॅमेरा रिकाम्या खुर्च्यांवरून फिरवायला सांगितलं. नकार आला. पुन्हा सांगितलं, पुन्हा नकार. मग त्यांनी रेडिओवर घडलेल्या माणसाला जे येतं तेच केलं. चित्र मिळत नाही तर शब्दांनी दाखवलं. या मैदानाच्या इतिहासातली ही सगळ्यात छोटी गर्दी, आणि आजची बातमी म्हणजे ही गर्दी, सामना नव्हे, अशा अर्थाचं ते बोलले. आठवडाही उलटला नव्हता तोवर करार पुढे चालू राहणार नसल्याचं त्यांना कळवण्यात आलं. गंमत म्हणजे त्या वेळी यांकीजची मालकी सीबीएस या प्रसारण कंपनीकडे होती. बातम्या देणं हाच ज्यांचा धंदा, त्यांना आपल्या घरची बातमी सोसली नाही.

बेसबॉलच्या थोर रेडिओ समालोचकांवर आजवर जे लिहिलं जातं त्यातलं बरंचसं आवाजाच्या कौतुकात संपतं. मखमली आवाज, उन्हाळ्याच्या रात्री, ओसरीवरचा ट्रान्झिस्टर वगैरे. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. आवाज चांगला असणारी माणसं रेडिओवर पैशाला पासरी होती. बार्बर, डेट्रॉइटचे अर्नी हारवेल, लॉस एंजेलिसचे विन स्कली ही माणसं मोठी झाली ती पगार कोणीही देवो, आपला धनी ऐकणारा आहे असं धरून बोलल्यामुळे. त्यांचा वारसा राखायचा असेल तर तो पुतळ्यांनी राखला जाणार नाही. त्यासाठी समालोचकाच्या करारात आणि क्लबच्या खर्चाच्या वहीत जागा करावी लागेल, आणि मालक नेमके तिथेच हात आखडतात.

बेसबॉल न पाहिलेल्या वाचकासाठी दोन गोष्टी. मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेतला प्रत्येक संघ सहा महिन्यांत १६२ सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ रोज. सामना अडीच-तीन तास चालतो आणि त्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो जेमतेम काही मिनिटं. बाकी वेळ पिचर म्हणजे चेंडू टाकणारा टोपी सारखी करतो, बॅटरमागे बसलेला कॅचर बोटांनी खुणा करतो, बॅटर आखलेल्या चौकटीबाहेर येऊन पुन्हा आत जातो. ही मधली फट समालोचकाची. ती फट रोज तीन तास, तीस-चाळीस उन्हाळे जो भरतो तो घरातलाच होऊन जातो. आपल्याकडे कसोटीची कॉमेंट्री आकाशवाणीवर ऐकत ज्यांची पिढी गेली त्यांना हे वेगळं सांगायला नको. फक्त कसोटी वर्षातून मोजक्या वेळा यायची, हे रोजचं.

सुरुवात अगदी साधी झाली. ५ ऑगस्ट १९२१ रोजी पिट्सबर्गच्या फोर्ब्स फील्डवर हॅरॉल्ड आर्लिन नावाचा वेस्टिंगहाउस कंपनीतला पंचविशीतला तरुण, टेलिफोनचा केलेला माइक घेऊन बसला आणि केडीकेए स्टेशनवरून पायरेट्स-फिलीज सामना सांगू लागला. पायरेट्स ८-५ ने जिंकले. मालकांना या नव्या खेळण्यात लगेच धोका दिसला. घरबसल्या फुकट ऐकायला मिळालं तर तिकीट कोण काढणार? न्यूयॉर्कच्या तिन्ही क्लबांनी, यांकीज, जायंट्स आणि डॉजर्स यांनी, आपसांत ठरवून १९३४ पासून पाच वर्षं रेडिओला दारातच येऊ दिलं नाही. देशातलं सगळ्यात मोठं शहर आणि त्यात आपल्याच संघांचे सामने ऐकायची बंदी! ती मोडली डॉजर्सचा कारभार हाती घेतलेल्या लॅरी मॅकफेल यांनी. सिनसिनाटीत त्यांच्याच हाताखाली नाव झालेल्या बार्बरना त्यांनी १९३९ मध्ये ब्रुकलिनला आणलं. पुढे जे झालं ते मालकांच्या भीतीच्या बरोबर उलट. रेडिओने गिऱ्हाईक पळवलं नाही, तयार केलं.

किती तयार केलं हे पाहायचं तर सेंट लुइसचं केएमओएक्स स्टेशन बघावं. ५० हजार वॉटचं. रात्री त्याच्या लहरी मैलोन्‌मैल जायच्या. १९५० च्या दशकात बेसबॉल पश्चिमेला सरकेपर्यंत कार्डिनल्स हा लीगचा पश्चिमेकडचा शेवटचा संघ होता, त्यामुळे आर्कान्सा, ओक्लाहोमा, टेनेसीमधल्या ज्या खेड्यांतून सेंट लुइस एका दिवसात गाठता येत नव्हतं तिथेही कार्डिनल्सचे भक्त निर्माण झाले. त्यांनी स्टेडियम पाहिलेलं नव्हतं. त्यांच्यासाठी संघ म्हणजे हॅरी कॅरे आणि जॅक बक यांचे आवाज. आज क्लबची किंमत अब्जांत सांगितली जाते, त्यात या आवाजांचा वाटा किती याचा हिशेब कोणी मांडत नाही. उलट टोकाचं उदाहरणही आहे. १९७८ च्या मोसमाच्या सुरुवातीला ओकलंड एज (A's) या संघाचे मालक चार्ली फिनली यांच्याकडे धड रेडिओ स्टेशनच नव्हतं, आणि मेजर लीगचे सामने काही दिवस बर्कली विद्यापीठातल्या पोरांच्या १० वॉटच्या स्टेशनवरून गेले.

आता कारागिरीबद्दल. बार्बर माइकजवळ तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवत, अंडी उकडताना वापरतात तसलं. वाळू खाली आली की स्कोअर सांगायचा आणि घड्याळ उलटं करायचं. कारण रेडिओ कोणीही, कधीही लावतं. नुकत्याच आलेल्याला ताटकळत ठेवायचं नाही. ऐकणाऱ्याबद्दलचा एवढा आदर मला त्यांच्या सगळ्या प्रसिद्ध वाक्प्रयोगांपेक्षा मोठा वाटतो. आजच्या कित्येक प्रसारणांत दहा-दहा मिनिटं स्कोअर कळत नाही, जाहिरात मात्र चुकत नाही.

याच धंद्याची दुसरी बाजू म्हणजे तारेवरून रचलेले सामने. दौऱ्याचा खर्च नको म्हणून समालोचक स्टुडिओतच बसायचा, तारयंत्रावरून येणाऱ्या त्रोटक खुणा वाचायचा आणि समोर बघत असल्यासारखा सामना रंगवायचा. लाकडावर लाकूड आपटून बॅटचा आवाज. रोनाल्ड रेगन १९३० च्या दशकात आयोवातल्या डब्ल्यूएचओ स्टेशनवर शिकागो कब्जचे सामने असे सांगत. एकदा तार मधेच तुटली. जोडणी परत येईपर्यंत त्यांनी बॅटरला एकामागून एक फाउल, म्हणजे रेषेबाहेर जाणारे फटके मारायला लावले, कित्येक मिनिटं. ही गोष्ट पुढे ते स्वतःच मोठ्या खुशीत सांगत. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले, आणि त्या सरावाचा तिथे किती उपयोग झाला हे ज्याचं त्याने ठरवावं. पण किस्सा कितीही गोड असला तरी मला तो चांगला वाटत नाही. खर्च वाचवण्यासाठी समालोचकाला मैदानापासून तोडलं की त्याला बनवाबनवी करावी लागते.

मैदानावर बसलेला माणूस काय करू शकतो ते विन स्कलींनी दाखवलं. जन्म ब्रॉन्क्सचा, १९२७ चा. बार्बरनी त्यांना बाविसाव्या वर्षी हाताशी घेतलं, आणि १९५० ते २०१६ असे ६७ मोसम ते डॉजर्सबरोबर राहिले, आधी ब्रुकलिनमध्ये, १९५८ पासून लॉस एंजेलिसमध्ये. तिथे पहिली चार वर्षं डॉजर्स ऑलिंपिकसाठी वाढवलेल्या कोलिझियममध्ये खेळले. ९० हजारांची ती वाटी बेसबॉलसाठी बांधलेलीच नव्हती. वरच्या रांगेतल्या माणसाला खेळाडू मुंगीएवढे दिसत. शिवाय नव्या शहराला नवा संघ, खेळाडूंची ओळख नाही. लोक ट्रान्झिस्टर घेऊन मैदानात येऊ लागले. डोळ्यांपुढे चाललेला सामना स्कलींकडून ऐकायला! १९६० मध्ये एका रटाळ सामन्यात स्कलींना दिसलं की अंपायर फ्रँक सिकोरींचा आज वाढदिवस आहे. त्यांनी माइकवरून सांगितलं, मी तीन म्हणेन तेव्हा सगळ्यांनी ओरडायचं. एक, दोन, तीन, आणि हजारो लोक एकदम "हॅपी बर्थडे, फ्रँक" म्हणून गरजले. सिकोरी चक्रावून आकाशाकडे बघत राहिले असतील. मैदानावर कुठलीही सूचना झालेली नव्हती, ती झाली होती प्रत्येकाच्या कानाशी.

एवढी सत्ता हातात असलेल्या माणसाने ती कशी वापरली, हे खरं बघण्यासारखं आहे. ९ सप्टेंबर १९६५. सँडी कोफॅक्स परफेक्ट गेम टाकतोय, म्हणजे प्रतिपक्षाचा एकही माणूस बेसवर पोचलेला नाही. नवांपैकी शेवटची इनिंग. स्कली मधूनमधून घड्याळ वाचतात. अमुक वाजून इतकी मिनिटं. त्यांच्या मनात होतं, की पुढे कोफॅक्स ही ध्वनिफीत ऐकेल तेव्हा त्याला दिवस आणि वेळ कळावी. प्रत्येक चेंडूआधी पिचर कसा उभा आहे, टोपी कशी पुसतो, घाम, श्वास, इतकं. विशेषणं जवळजवळ नाहीतच. शेवटचा बॅटर बाद झाल्यावर ते गप्प झाले आणि २९,१३९ लोकांना बोलू दिलं. मग पुन्हा घड्याळ: ९ वाजून ४६ मिनिटं. शाळेत निबंध शिकवणाऱ्यांनी ही एक इनिंग ऐकवली तर पाठ्यपुस्तकातला वर्णनाचा धडा गाळला तरी चालेल.

८ एप्रिल १९७४ ला अटलांटात हँक ॲरनने ७१५ वा होम रन (चेंडू थेट कुंपणापार, आपल्या षटकारासारखा) मारून बेब रूथचा विक्रम मोडला. त्याआधीचे महिनोन्‌महिने काळ्या माणसाने हा विक्रम मोडू नये म्हणून ॲरनना ठार मारण्याच्या धमक्यांची पत्रं येत होती. स्कली डॉजर्सच्या, म्हणजे पाहुण्या संघाच्या रेडिओवर होते. चेंडू कुंपणापार गेल्याचं सांगून ते माइकपासून दूर झाले, बराच वेळ फक्त जल्लोष आणि फटाके. परत आल्यावर जे बोलले त्यात बेसबॉल कमीच होतं. अमेरिकेच्या खोल दक्षिणेत एका काळ्या माणसासाठी सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवतंय, हे त्यांनी सरळ शब्दांत सांगितलं. ज्याच्या विरुद्ध होम रन गेला त्या संघाच्या पगारावरचा माणूस हे बोलत होता.

रंगभेदाचा विषय निघाला तर पुन्हा बार्बरकडे जावं लागतं. १९४५ च्या मार्चमध्ये डॉजर्सचा कारभार पाहणारे ब्रँच रिकी यांनी त्यांना विश्वासात घेऊन सांगितलं की मी संघात काळा खेळाडू आणणार आहे. बार्बर मिसिसिपीत जन्मलेले, फ्लोरिडात वाढलेले, वर्णभेद हवेसारखा घेत मोठे झालेले. घरी येऊन बायकोला म्हणाले, नोकरी सोडतो. लायला बार्बर म्हणाल्या, आज रात्रीच सोडायला हवी असं थोडंच आहे, आधी एक मार्टिनी घेऊ. नंतर विचार करताना त्यांना १९३५ साली बेसबॉलचे सर्वोच्च अधिकारी, कमिशनर लँडिस यांनी समालोचकांना दिलेली ताकीद आठवली: घडतं ते सांगा, तुमचं मत मागितलेलं नाही. बार्बरनी ठरवलं, माझं काम चेंडू सांगायचं. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन आला आणि बार्बरच्या दक्षिणी हेलातून ब्रुकलिनने त्याला इतर कुठल्याही खेळाडूसारखं ऐकलं. यातला काव्यगत न्याय असा, की ज्या लँडिस यांच्या चोवीस वर्षांच्या कारकिर्दीत मेजर लीगमध्ये एकही काळा खेळाडू येऊ शकला नाही त्यांचाच सल्ला इथे कामी आला. आपण रॉबिन्सनसाठी केलं त्याहून त्याने आपल्यासाठी जास्त केलं, असं बार्बर पुढे सांगत असत. तटस्थपणा हा भेकडांचा आडोसा असतो असं हल्ली वारंवार ऐकू येतं. इथे तो तसा नव्हता.

यावर नेहमीचा आक्षेप असा येतो: हे सगळं ठीक आहे, पण समालोचन म्हणजे पत्रकारिता नाही. करमणूक आहे. पैसा क्लबचा, श्रोता त्याच क्लबचा चाहता, मग समालोचक आपल्या संघाच्या बाजूने बोलला तर बिघडलं कुठे? हॅरी कॅरे उघडउघड ओरडत होते, लोक त्यांच्यावर जीव टाकत होते. मिलवॉकीचे बॉब युकर तर चोपन्न मोसम ब्रुअर्सचे घरचेच होते, स्वतःच्या .२०० च्या, म्हणजे अगदी सुमार, फलंदाजीच्या सरासरीवर विनोद करत करत.

आक्षेपात तथ्य आहे, आणि मला स्वतःला कॅरेंचं आरडाओरड करणारं समालोचन ऐकायला आवडतं. पण कॅरे बाजू घेत ती ब्लीचरमध्ये, म्हणजे स्वस्तातल्या बाकांवर बसलेल्या माणसाची, क्लबच्या कचेरीची नव्हे. आपल्या खेळाडूने झेल सोडला तर ते त्याला सोलून काढत. पंचवीस मोसम झाल्यावर १९६९ मध्ये कार्डिनल्सने त्यांना काढलं. क्लब होता बडवायझर बनवणाऱ्या कंपनीचा, आणि कॅरे त्यानंतर पत्रकारांसमोर आले ते हातात प्रतिस्पर्धी श्लिट्झ बिअरचा डबा घेऊन! पक्षपाती असणं आणि मिंधं असणं यांत फरक आहे. युकरांच्या थट्टेतही तो ऐकू यायचा. संघ वाईट खेळत असेल तर तो वाईट खेळतोय हे त्या थट्टेतून कळायचं.

मालकांना नेमकं काय नको असतं ते बॉल्टिमोरने दोनदा दाखवून दिलंय. जॉन मिलर तिथले लाडके समालोचक. १९९६ मध्ये मालक पीटर अँजेलोस यांना वाटलं की ते ओरिओल्सची तळी पुरेशी उचलत नाहीत. मिलर सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि २०१० मध्ये त्यांना फ्रिक पुरस्कार मिळाला. पुढे क्लब मुलाच्या हाती आला. २०२३ च्या जुलैमध्ये केविन ब्राउन या तरुण समालोचकाने टीव्हीवर सांगितलं की टँपा बे संघाच्या मैदानावर गेली काही वर्षं आपण सपाटून हरत होतो, यंदा मात्र जिंकतोय. म्हणजे कौतुकच. आकडे क्लबनेच पत्रकारांना वाटलेल्या टिपणातले. तरी ब्राउन काही आठवडे पडद्यावरून गायब. या वेळी फरक एवढाच पडला की दुसऱ्या संघांचे समालोचक आपापल्या माइकवरून त्यांच्या बाजूने बोलले, आणि ब्राउन परत आले.

हे वाचताना मराठी वाचकाला घरची आठवण येईलच. २०१६ च्या आयपीएलआधी हर्षा भोगले यांना बाजूला केलं गेलं, नीट कारण न देता. २०२० मध्ये संजय मांजरेकरांचं नाव क्रिकेट मंडळाच्या यादीतून गेलं. मांजरेकरांची मतं मला पटत होती असं नाही. पण बाळ ज. पंडित पुण्या-मुंबईच्या सामन्यांचं मराठीतून धावतं समालोचन करत तेव्हा ते आकाशवाणीचे होते, क्रिकेट मंडळाचे नव्हते. सरकारी माध्यमाची स्वतःची बंधनं असतात, ती मान्य करूनही, फलंदाज चुकला असं म्हणायला त्यांना कोणा खेळमंडळाची भीती नव्हती.

तेव्हा समालोचकाची नेमणूक क्लबकडून काढून रेडिओ स्टेशनकडे दिली की झालं, असं मात्र समजू नये. पिट्सबर्गच्या बॉब प्रिन्सना १९७५ मध्ये काढलं ते क्लबने नव्हे, केडीकेएने. त्याच केडीकेएने, जिथून १९२१ साली हा सगळा प्रकार सुरू झाला. त्यांच्यासाठी शहरात मोर्चा निघाला, उपयोग शून्य. डेट्रॉइटमध्ये मात्र लोकांनी आपलं म्हणणं खरं करून दाखवलं.

अर्नी हारवेल हे या सगळ्यांत माझे सर्वांत आवडते. १९४८ मध्ये बार्बर आजारी पडले तेव्हा ब्रुकलिनला बदली समालोचक हवा होता. हारवेल अटलांटा क्रॅकर्स या खालच्या लीगमधल्या क्लबकडे होते, आणि क्रॅकर्सच्या मालकांनी त्यांच्या बदल्यात क्लिफ डॅपर नावाचा कॅचर मागितला. समालोचकाच्या मोबदल्यात खेळाडू! हे दोघे प्रत्यक्ष भेटले ते थेट २००२ मध्ये, डेट्रॉइटला हारवेल यांच्या पुतळ्याच्या अनावरणात. १९६० पासून हारवेल डेट्रॉइट टायगर्सचा आवाज होते. फाउल चेंडू प्रेक्षकांत गेला की ते म्हणत, सॅगिनॉच्या एका गृहस्थाने झेलला, किंवा इप्सिलँटीच्या बाईंनी. गृहस्थ कुठले ते त्यांना माहीत असणं शक्यच नव्हतं, आणि हे ऐकणाऱ्यालाही माहीत होतं. तरी आपल्या गावाचं नाव कधी येतं म्हणून माणसं कान लावून बसत. मोटारींच्या कारखान्यांत नोकरीला आलेल्या आम्हा मराठी मंडळींनाही मिशिगनमधल्या गावांची नावं नकाशाआधी हारवेलच्या फाउल चेंडूंनी शिकवली. बेसबॉलचे नियमही मी टीव्हीपेक्षा गाडीतल्या रेडिओवरच जास्त शिकलो.

तर १९९० च्या डिसेंबरमध्ये या माणसाला सांगण्यात आलं की पुढचा मोसम शेवटचा. वय ७२, काहीतरी नवं हवं. निर्णय क्लबचा की डब्ल्यूजेआर स्टेशनचा यावर बरीच टोलवाटोलवी झाली, आणि नाव जास्त खराब झालं क्लबचे अध्यक्ष बो शेंबेक्लर यांचं. शहर पेटून उठलं. पत्रं, बहिष्काराच्या हाका, वर्तमानपत्रांचे मथळे. १९९२ मध्ये क्लब माइक इलिच यांनी विकत घेतला आणि १९९३ मध्ये हारवेल परत माइकवर. २००२ पर्यंत राहिले. २०१० च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा त्यांचं पार्थिव टायगर्सच्या स्टेडियममध्ये, कोमेरिका पार्कमध्ये ठेवलं होतं आणि हजारो लोक रांगेत उभे होते. ज्याला काहीतरी नवं हवं म्हणून काढलं होतं त्याच्यासाठी! लोकांनी उठाव केला नसता तर हारवेल यांची शेवटची दहा वर्षं डेट्रॉइटला मिळालीच नसती. पण दर वेळी शहराने रस्त्यावर उतरावं ही काही व्यवस्था नव्हे.

या यादीत एक गोष्ट खटकते, आणि ती खटकायला हवी: माइक बहुतेक गोऱ्या पुरुषांच्याच हातात राहिला. न्यूयॉर्कला सूझिन वॉल्डमन २००५ मध्ये यांकीजच्या रेडिओवर पूर्णवेळ आल्या, म्हणजे आर्लिननंतर चौऱ्याऐंशी वर्षांनी. म्हणून हायमे हारिन यांच्याकडे वेगळं बघायला हवं. एक्वादोरहून आलेला हा तरुण लॉस एंजेलिसच्या केडब्ल्यूकेडब्ल्यू या स्पॅनिश स्टेशनवर बातम्या वाचायचा. बेसबॉल त्याच्या गावीही नव्हतं. स्टेशनने विचारलं तेव्हा त्याने खेळ शिकायला वेळ मागून घेतला आणि १९५९ मध्ये सुरुवात केली. सुरुवातीच्या वर्षांत दौऱ्यावरचे सामने सांगायला क्लब त्यांना पाठवत नसे. स्टुडिओत बसून स्कलींचं इंग्रजी कानात घ्यायचं आणि त्याच क्षणी स्पॅनिशमध्ये सामना उभा करायचा. ज्या चावेझ रविनमध्ये डॉजर्स स्टेडियम उभं राहिलं तिथून मेक्सिकन कुटुंबांना हुसकावलेलं होतं. त्या समाजाला या संघाबद्दल आपुलकी वाटावी असं काही घडलेलं नव्हतं. ती आपुलकी आणायचं काम रोज रात्री हारिन यांच्या आवाजाने केलं, आणि १९८१ मध्ये फर्नांडो वालेन्झुएला या मेक्सिकन पिचरच्या लाटेत त्याच्या शेजारी दुभाषी म्हणून बसले तेही तेच. २०२२ पर्यंत ते बोलत राहिले. डॉजर्सचा चाहतावर्ग आज ज्या रंगाचा दिसतो त्यात स्कलींइतकाच हारिन यांचा हात आहे, असं मी म्हणेन.

आता सध्याचं. २०१३ मध्ये डॉजर्सने केबल कंपनीशी पंचवीस वर्षांचा, आठ अब्ज डॉलरच्या वरचा करार केला. वाहिनी महाग, इतर केबलवाले ती घेईनात, आणि लॉस एंजेलिसच्या बहुसंख्य घरांत सामने दिसेनासे झाले. स्कलींचे शेवटचे तीन मोसम त्यांच्याच शहराने पाहिले नाहीत. २०१६ चे अखेरचे सहा सामने केटीएलए या खुल्या वाहिनीवर दाखवले, एवढीच काय ती मेहेरबानी. बाकी लोकांनी त्यांना ऐकलं ते रेडिओवर, पहिल्या तीन इनिंग, कारण तेवढ्यापुरता त्यांचा टीव्हीवरचा आवाज रेडिओवरही जायचा.

टोरंटोत याच्या पुढची पायरी गाठली. क्लब आणि वाहिनी दोन्ही रॉजर्स कंपनीची. २०२१ मध्ये साथीचं कारण सांगून त्यांनी रेडिओचं वेगळं समालोचन बंद केलं आणि टीव्हीचा आवाज तसाच रेडिओवर सोडला. टीव्हीवरचा माणूस चित्र समोर आहे असं धरून बोलतो. चेंडू उजवीकडे गेला की डावीकडे, हे तो का सांगेल? ट्रक चालवणाऱ्याला, शेतावरच्याला, अंध श्रोत्याला हे समालोचन म्हणजे बंद दाराआडून ऐकू येणारी कुजबुज. पुढच्या वर्षी रेडिओ परत आला, तक्रारी झाल्या म्हणून. तारेवरून सामने रचण्याची कारणं १९३० च्या दशकात जी होती तीच आज समालोचकाला दौऱ्यावर न पाठवता पडद्यासमोर बसवण्यामागे आहेत.

तेव्हा मागणी अशी असावी. लीगने प्रत्येक क्लबला रेडिओचं स्वतंत्र समालोचन सक्तीचं करावं आणि समालोचक सामन्याच्या गावी असावा. करारात एक कलम असावं की खरी माहिती सांगितल्यामुळे कोणालाही माइकवरून हटवता येणार नाही, आणि हटवलंच तर कारण लेखी द्यावं लागेल. ध्वनिफिती त्या-त्या शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात जमा व्हाव्यात. १९५१ मध्ये समालोचक रस हॉजेस जायंट्स जिंकल्याचं बेभान होऊन ओरडले ते आज आपल्याला ऐकायला मिळतं ते ब्रुकलिनमधल्या एका श्रोत्याने घरच्या यंत्रावर टेप करवून घेतलं म्हणून. स्टेशनने जपून ठेवलं म्हणून नव्हे.

खर्चाचं कारण सांगितलं जाईल, म्हणून एवढंच. समालोचक बहुधा संघाच्याच विमानाने जातात. राहता राहिलं हॉटेल आणि जेवणखाण, दोन माणसांचं, वर्षातले ८१ बाहेरचे सामने. मेजर लीगमधल्या सर्वांत कमी पगाराच्या खेळाडूला, जो महिनाभर बाकावर बसून असतो त्यालाही, २०२५ मध्ये मोसमाचे किमान ७ लाख ६० हजार डॉलर मिळत होते.